एचडीआर टीव्ही काळपट का दिसतो? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सोलापुरातून आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे: टीव्ही, मॉनिटर किंवा कॅमेरा ‘एचडीआर’ आहे म्हणून घेतला, पण उजेडाचं गणित काही जुळत नाही. म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिलं आहे. एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज: अगदी काळ्यापासून लख्ख उजेडापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र. दोन मापं आधी सांगून ठेवतो. पडद्याच्या पृष्ठभागावरून डोळ्याकडे येणारा उजेड निटमध्ये मोजतात. एक निट म्हणजे एक चौरस मीटरमागे एक कँडेला. खोलीतला उजेड एखाद्या भिंतीवर किंवा पडद्यावर किती पडतो, ते लक्समध्ये मोजतात.

प्रश्न: आम्ही 55 इंची फोर-के एचडीआर टीव्ही घेतला. सिनेमा लावला की कोपऱ्यात एचडीआरची खूण येते, पण चित्र साध्या चॅनलपेक्षाही काळपट. दुपारी रात्रीचे प्रसंग लागले तर पडद्यात आम्हीच दिसतो. दुकानदार म्हणतो सेट बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?
– वाचक, जुळे सोलापूर

दुकानदार बहुधा खरं सांगतोय. सेट बिघडलेला नाही. त्याच्या ताकदीबाहेरचं काम त्याच्याकडे आलंय, आणि तेही भर उजेडात.

साधं चित्रण, म्हणजे एसडीआर, तयार करताना स्टुडिओत पांढरा रंग 100 निटचा धरतात. फाइलमध्ये मात्र निटचा आकडा नसतो, नुसतं प्रमाण असतं: सगळ्यांत काळ्यापासून सगळ्यांत पांढऱ्यापर्यंत कोण किती. तुमचा टीव्ही 300 निटचा असेल तर तो पांढऱ्याला 300 वर नेतो आणि त्याच्या मागोमाग सावल्याही उजळतात. म्हणून मालिका, बातम्या, क्रिकेट दुपारीही स्वच्छ दिसतं.

एचडीआर10 आणि डॉल्बी व्हिजन हे एचडीआरचे प्रकार ज्या पीक्यू पद्धतीवर उभे आहेत, ती 2014 साली प्रमाणित झाली आणि ती अशी चालत नाही. तिच्यात सिग्नलच्या प्रत्येक पायरीला ठरलेले निट आहेत, शून्यापासून 10,000 पर्यंत. चेहरा, भिंत, सदरा हे साधारण जुन्याच पातळीला ठेवतात. वरची सगळी जागा दिव्याच्या ज्योतीला, पाण्यावरच्या चकाकीला, भांड्यावर चमकणाऱ्या उन्हाला राखून ठेवलेली असते. हीच एचडीआरची खरी श्रीमंती. आता 300 निटच्या सेटकडे ही वरची जागाच नाही. 1,000 किंवा 4,000 निटच्या मॉनिटरवर रंग बसवलेला सिनेमा त्याला 300 मध्ये कोंबावा लागतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. वरचा भाग सरळ कापला तर ढग आणि ज्योत पांढरीफटक होतात. सगळंच थोडंथोडं दाबलं तर चेहरेही खाली उतरतात. तुमच्या सेटमध्ये हे दुसरं होतंय.

त्यात दुपारच्या उजेडाची भर. समजा गॅलरीच्या दारातून पडद्यावर 300 लक्स उजेड पडतोय आणि पडदा त्यातला 2 टक्के सगळीकडे पसरवून परत फेकतोय. 300 ला 0.02 ने गुणून 3.14 ने भागलं की जवळपास 2 निट येतात. म्हणजे तुमच्या पडद्यावरचा ‘काळा’ 2 निटच्या खाली जाऊच शकत नाही. सिनेमातल्या अंधाऱ्या खोलीतली भिंत मात्र अर्ध्या निटची असू शकते. ती बुडाली. तुम्हाला तुम्हीच दिसता, ते आरशासारखं सरळ प्रतिबिंब याहून वेगळं आणि यात भर घालणारं. एचडीआरचं संदर्भ-प्रमाण ठरवताना पडद्यामागची भिंत फक्त 5 निटची धरली आहे, म्हणजे संध्याकाळी दिवे मंद केलेली खोली. दुपारची बैठकीची खोली त्यात कुठेच बसत नाही.

काय करायचं ते क्रमाने सांगतो. एचडीआर दृश्य चालू असतानाच सेटिंग उघडा, कारण बऱ्याच टीव्हीत एसडीआर, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन यांच्या सेटिंग वेगवेगळ्या साठवल्या जातात. मालिका चालू असताना केलेला बदल सिनेमाला लागतच नाही. पहिल्यांदा पॉवर सेव्हिंग किंवा इको बंद करा. कित्येक सेट कारखान्यातून हे चालू ठेवूनच येतात, आणि काळपट चित्राचं सगळ्यांत साधं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. मग पिक्चर मोड सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर करा. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, पूर्ण वर न्या. लोकल डिमिंग, म्हणजे त्या दिव्याचे भाग (झोन) वेगवेगळे मंद-प्रखर करायची सोय, असेल तर मध्यम किंवा हाय. डायनॅमिक टोन मॅपिंग, म्हणजे दृश्यागणिक बदलणारं टोन मॅपिंग, असेल तर दिवसा चालू ठेवा. चेहरे वर येतात, ढगांतला तपशील थोडा जातो, पण दुपारी हा सौदा परवडतो.

‘ब्राइटनेस’ नावाच्या सेटिंगला मात्र जपून हात लावा. काही कंपन्यांच्या सेटमध्ये ते बॅकलाइटचं नाव आहे, काहींमध्ये काळ्या पातळीचं. ओळखायचं असं: अंधारा प्रसंग थांबवून ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि चित्राच्या वर-खाली असलेल्या काळ्या पट्ट्यांकडे बघत आकडा दोन-दोनने वाढवा. चित्राआधी पट्ट्या राखाडी व्हायला लागल्या तर ती काळी पातळी आहे. होती तिथे परत आणा. ती वाढवून उजेड मिळत नाही, चित्रावर नुसती साय धरल्यासारखी दिसते.

एवढं करूनही दुपारी भागत नसेल, तर स्ट्रीमिंग स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट एसडीआर करा आणि रात्री पुन्हा एचडीआर करा. यात कमीपणा काही नाही. 300 निटच्या पडद्यावर भर दुपारी नीट बसवलेलं एसडीआर कोंबलेल्या एचडीआरपेक्षा चांगलंच दिसतं.

प्रश्न: नवी पेठेत दोन टीव्ही बघितले. एक 600 निटचा, दुसरा 1,200 निटचा. दुसऱ्यात उजेड दुप्पट म्हणून किंमतही खूप जास्त सांगतात. खरंच दुप्पट दिसेल का?
– वाचक, मुरारजी पेठ

दिसणार नाही. निट दुप्पट होतील, दिसणारा उजेड नाही.

डोळा उजेडाची बेरीज करत नाही, तो प्रमाण मोजतो. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावला की केवढा फरक वाटतो. लग्नाच्या मांडवात शंभर दिव्यांत एक वाढवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अंधारात बघितलेल्या उजळ पृष्ठभागासाठी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांच्या नियमात घातांक साधारण एक-तृतीयांश आहे. त्या हिशेबाने 600 चे 1,200 निट केले की उजेड अंदाजे सव्वापट वाटतो. ‘दुप्पट’ वाटायला निट आठपट लागतात, म्हणजे 600 वरून 4,800. पीक्यूची रचनाही याच स्वभावावर केली आहे: तिचा मापदंड 10,000 निटपर्यंत असला तरी त्याचा जवळजवळ अर्धा भाग 100 निटच्या खालीच खर्च होतो, कारण डोळा अंधाराकडच्या पायऱ्यांबद्दल चोखंदळ असतो.

दुसरी गोष्ट, 1,200 निट कुठे आणि किती वेळ? पाटीवरचा आकडा साधारणपणे पडद्याच्या 10 टक्के भागावर पांढरा चौकोन दाखवून, तोही थोडाच वेळ, मोजलेला असतो. ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या, पडद्यात हा फरक फार ठळक: छोट्या चौकोनात 1,000 निट देणारा पडदा पूर्ण पांढरा केला की दोनशेच्या आसपास उतरू शकतो, कारण वीजपुरवठा आणि तापमान सांभाळायला सेट स्वतःच उजेड कमी करतो. रात्रीच्या सिनेमाला हे नडत नाही. दुपारच्या क्रिकेटला, जिथे निम्मा पडदा उन्हातल्या मैदानाने भरलेला असतो, तिथे नडतं. म्हणून घरात उजेड जास्त आणि सामने जास्त बघत असाल तर चांगल्या लोकल डिमिंगचा एलईडी सेट घ्या. रात्री दिवे मंद करून सिनेमे बघत असाल तर कमी निटचा ओलेडही त्याला भारी पडतो. कारण काळा शून्याजवळ गेला की 600 निटची ज्योतही भगभगते.

दुकानात बघताना फसायला होतं ते दोन कारणांनी. दुकानात ट्यूबलाइटची रांग असते, त्यामुळे सगळ्यांचेच काळे सारखे राखाडी दिसतात. आणि प्रदर्शनातले सेट बहुधा डेमो किंवा व्हिविड मोडमध्ये असतात. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांत डोळा उजळ आणि निळसर चित्रालाच चांगलं म्हणतो. दोन्ही सेट सिनेमा मोडला न्यायला सांगा. स्वतःचा पेनड्राइव्ह न्या, त्यात 10 बिटची, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांची, एचडीआर10 फाइल असू द्या, शक्यतो रात्रीच्या रस्त्याची. विचारायचं एवढंच: पूर्ण पांढऱ्या पडद्यावर किती निट, डिमिंगचे झोन किती, पॅनल 10 बिटचं आहे का. मे महिन्याच्या उन्हातून थेट दुकानात शिरला असाल तर दहा मिनिटं थांबून मग बघा. उन्हात लाखभर लक्स असतात. तिथून आत आल्यावर रंग ओळखणाऱ्या पेशींना अंधारात रुळायला पाच ते दहा मिनिटं लागतात, आणि मंद उजेडातल्या पेशींना अर्धा तास.

प्रश्न: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धुकं दिसतं. टीव्हीचा दोष की चष्म्याचा?
– वाचक, विजापूर रोड

अंगठ्याने सांगता येतं. खोलीत अंधार करा, नेहमीच्या जागी बसा, एक डोळा मिटा आणि हात लांब करून अंगठ्याने फक्त ती अक्षरं झाका, भोवतालचं धुकं उघडं राहू द्या. अक्षरं झाकताच धुकंही गेलं, तर ते तुमच्या डोळ्यात किंवा चष्म्यावर तयार होत होतं. अक्षरं झाकूनही मागे राहिलं, तर ते पडद्यावर आहे.

पडद्यावरचं असेल तर कारण लोकल डिमिंग. बॅकलाइटचे झोन मोजके असतात, अक्षर त्यापेक्षा कितीतरी बारीक. अक्षरासाठी पूर्ण झोन पेटवावा लागतो आणि एलसीडी पॅनल मागचा उजेड संपूर्ण अडवू शकत नाही, थोडा झिरपतोच. डिमिंग हायवरून मध्यमवर आणा, सबटायटलचा रंग पांढऱ्याऐवजी राखाडी करा, आणि पडद्याच्या समोर बसा. बाजूने बघितलं की धुकं वाढतं. डोळ्यातलं असेल तर आधी चष्मा पुसून बघा. तरीही राहिलं आणि रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवतीही वलयं दिसत असतील, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. हे टाळू नका.

प्रश्न: आईचं वय 68. एचडीआर सिनेमात अचानक उजेड आला की तिचे डोळे दिपतात, आणि अंधारे प्रसंग तिला दिसत नाहीत म्हणते. दोन्ही एकदम कसं?
– वाचक, होटगी रोड

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि कारण एकच आहे. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच उजेड पोचतो, म्हणून अंधारे प्रसंग बुडतात. तेच भिंग उजेड जास्त विखुरतं, म्हणून ज्योत किंवा हेडलाइट आला की सगळ्या चित्रावर पांढुरकं पटल येतं. नुसता बॅकलाइट वाढवला तर पहिली तक्रार कमी होते आणि दुसरी वाढते.

उपाय पडद्याच्या मागे आहे. टीव्हीच्या पाठीला कडेपासून दोन-तीन इंच आत 6,500 केल्विनची पांढरी एलईडी पट्टी चिकटवा, उजेड भिंतीवर पडेल अशी. भिंत पांढरी किंवा फिकट राखाडी असेल तर उत्तम. हिरवी-गुलाबी असेल तर रंगाची जाणीव बिघडते. किती उजेड हवा? पांढऱ्या भिंतीवर अंदाजे 20 लक्स पडले की ती 5 निटची होते. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या अॅपने ढोबळ अंदाज येतो. तेही नको असेल तर डोळ्यांनी ठरवा: सबटायटलच्या पांढऱ्यापुढे भिंत मंद राखाडी वाटली पाहिजे. पट्टीला डिमर हवाच, कारण नुसती लावलेली पट्टी बहुतेक वेळा फार प्रखर असते. यामुळे बाहुली पूर्ण उघडत नाही, अचानकचा उजेड कमी टोचतो, आणि हा उजेड समोरून येत नसल्याने काळा रंगही धुतला जात नाही. खोलीतला बाकीचा दिवा, विशेषतः टीव्हीच्या समोरच्या भिंतीवरची ट्यूब, बंदच ठेवा. आईंसाठी डायनॅमिक टोन मॅपिंग चालू ठेवून बॅकलाइट 70-80 टक्क्यांवर आणा. आणि खुर्ची अर्धा मीटर पुढे घेतली तर बारीक तपशील वाचायला सोपं जातं.

प्रश्न: संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की टीव्हीचा उजेड कमी होतो का?
– वाचक, साखर पेठ

नाही. आजच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय 100 ते 240 व्होल्टच्या दरम्यान आतला दाब सारखाच ठेवतो; फार खाली गेलं तर सेट बंद पडेल, मंद होणार नाही. संध्याकाळीच मंद होत असेल तर उजेडाचा सेन्सर चालू आहे, तो बंद करून बघा. आणि महिन्यागणिक मंद होत असेल, तर आतल्या बॅकलाइट पट्टीवरचे एलईडी थकत आहेत; पडद्यावर गोल पांढरे ठिपके उमटले असतील, तर त्या एलईडींवरची भिंगं निसटली आहेत. एलईडी मालिकेत जोडलेले असतात. एक उडाला की अख्खी माळ विझते. पट्ट्या बदलताना एकच न बदलता पूर्ण संच बदलून घ्या, नाहीतर जुन्या-नव्यांच्या उजेडाचे पट्टे दिसतात.

प्रश्न: प्लेअर आणि टीव्ही दोन्ही एचडीआर, तरी एचडीआर सुरू होत नाही.
– वाचक, बार्शी

टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टची सेटिंग बघा. ‘एन्हान्स्ड’, ‘डीप कलर’, ‘सिग्नल प्लस’ अशा नावाचा पर्याय पोर्टनिहाय असतो आणि बऱ्याचदा बंद असतो. तो चालू करा. केबल 18 गिगाबिटची प्रमाणित हवी. जुन्या केबलने चित्र येतं पण मधूनच पडदा काळा होतो किंवा ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात. मध्ये साउंडबार असेल तर प्लेअर थेट टीव्हीला लावून बघा, कारण जुना साउंडबार एचडीआरची माहिती पुढे जाऊ देत नाही. आणि प्लॅन तपासा: काही स्ट्रीमिंग सेवा एचडीआर फक्त वरच्या प्लॅनमध्ये देतात.

प्रश्न: मे महिन्यात उन्हात फोनचा पडदा आधी झगझगतो आणि पाच मिनिटांत एकदम मंद होतो. ब्राइटनेस पूर्ण असूनही.
– वाचक, बाळे

फोन स्वतःला वाचवतोय. उन्हाचा सेन्सर पडद्याला सर्वोच्च निटवर नेतो, त्याची उष्णता, वरून ऊन, आणि हवा आधीच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची. ठरलेलं तापमान ओलांडलं की सॉफ्टवेअर उजेड उतरवतं. मागचं कव्हर काढा, चार्जिंग आणि कॅमेरा थांबवा, सावलीत धरा. फ्रीजमध्ये ठेवू नका. आत दमट हवेतल्या वाफेचं पाणी धरतं. टीव्हीलाही हीच गोष्ट लागू आहे: कित्येक सेटच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 40 अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली ते सहज ओलांडते. मागे चार इंच मोकळी जागा सोडा, पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका.

प्रश्न: लग्नं आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चित्रित करतो. नव्या कॅमेऱ्यात एचएलजी नावाच्या प्रकारचं एचडीआर वापरलं. अक्षता सोहळ्यातली भक्तांची पांढरी बाराबंदी (बंद बांधायचा अंगरखा) चित्रात जळून, म्हणजे तपशील न उरता पांढरीफटक होऊन गेली, रात्रीच्या दारूकामाचे रंग पांढरे झाले, आणि ग्राहकाच्या टीव्हीवर सगळंच फिकट दिसलं.
– वाचक, सिद्धेश्वर पेठ

या तीन वेगळ्या चुका आहेत, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

बाराबंदी आधी. दुपारच्या उन्हात पांढऱ्या सुती कापडावर लाखभर लक्स पडतात आणि कापड त्यातले ऐंशी टक्के परत फेकतं. तो पांढरा 25,000 निटच्या घरात जातो. शेकडो भक्त एकाच पांढऱ्यात, शेजारी सात नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) आणि मांडवाची सावली: एचडीआरसाठी याहून कठीण आणि याहून सुंदर दृश्य कमीच. एचएलजीमध्ये साधा पांढरा सिग्नलच्या 75 टक्क्यांवर ठेवायचा असतो, 18 टक्क्यांचं करडं कार्ड 38 टक्क्यांवर. तुम्ही एसडीआरच्या सवयीने पांढरा नव्वदच्या वर नेला असणार, मग वर सुताच्या सुरकुत्यांना आणि उन्हाच्या कडेला जागा उरली नाही. झेब्रा (ठरलेल्या उजेडावर व्ह्यूफाइंडरमध्ये उमटणारे पट्टे) 75 ला लावा आणि उन्हातल्या बाराबंदीवर तो जेमतेम उमटेल इतकं एक्स्पोजर ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरे थोडे गडद वाटतील. वाटू द्या, 10 बिटमध्ये ते सावरता येतात. जळालेला पांढरा परत येत नाही. चित्रण 10 बिटचंच हवं. 8 बिटमध्ये एचएलजी केलं की संध्याकाळच्या आभाळात पायऱ्या दिसतात.

होम मैदानावरच्या दारूकामाचं कारण निराळं. लाल-निळी आतषबाजी आणि एलईडीची रोषणाई यांत एकच रंग प्रचंड असतो. वेव्हफॉर्म या उजेडाच्या आलेखावर एकूण उजळपणा 60 टक्के दिसतो, पण लाल किंवा निळी वाहिनी केव्हाच छताला टेकलेली असते, आणि त्यापुढे वाढ झाली की रंग पांढऱ्याकडे सरकतो. म्हणून वेव्हफॉर्म नको, लाल-हिरव्या-निळ्याचे आलेख वेगळे दाखवणारी आरजीबी परेड बघा. ऑटो एक्स्पोजर बंद करा. काळं आभाळ बघून कॅमेरा उघडत जातो आणि पहिलाच बार पांढरा होतो. आयएसओ, शटर, छिद्र हाताने पक्कं करा, पहिल्या दोन बारांवर परेड बघून एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा करा आणि मग हलवू नका. व्हाइट बॅलन्सही पक्का ठेवा.

फिकटपणा संपादनात आला आहे. एचएलजी बीबीसी आणि जपानची एनएचके या प्रसारण संस्थांनी मिळून केलं आणि ते साध्या पडद्यावरही बरं दिसावं अशी त्याची आखणी आहे. पण फाइलमधले रंग बीटी.2020 च्या विस्तृत पट्ट्यात असतात; ती फाइल साध्या टीव्हीच्या बीटी.709 पट्ट्याच्या टाइमलाइनवर रूपांतर न करता टाकली, किंवा एक्स्पोर्टमध्ये रंगाची ओळख देणारी खूण गळली, की लाल शालू विटकरी होतो. टाइमलाइन बीटी.2020 एचएलजी ठेवा, एक्स्पोर्ट एचईव्हीसी 10 बिट, आणि खूण टिकली का ते फाइलची माहिती दाखवणाऱ्या अॅपमध्ये तपासा. एसडीआर प्रत वेगळी काढा. त्यासाठी कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावा, डोळ्यांनी सॅच्युरेशन वाढवत बसू नका. ग्राहकाला पेनड्राइव्हवर दोन्ही प्रती द्या, नावात ‘साधा टीव्ही’ आणि ‘एचडीआर टीव्ही’ असं स्पष्ट लिहून. नातेवाइकांना मेसेजवर जाणारी क्लिप कायम एसडीआर प्रतीतूनच कापा. वाटेत पुन्हा दाबली जाताना एचडीआरचे रंग टिकतील याचा भरवसा नसतो.

प्रश्न: टॉवेल आणि चादरीची डिझाइन संगणकावर करतो. नव्या मॉनिटरवर डिस्प्लेएचडीआर 400 चा शिक्का आहे. विंडोजमध्ये एचडीआर चालू केलं की गडद मरून आणि नेव्ही ब्लू भुरकट दिसतात. कापड विणून आलं की वेगळंच निघतं.
– वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

डिझाइनसाठी एचडीआर बंद ठेवा. विंडोज, ऑल्ट आणि बी या तीन कळा एकत्र दाबल्या की ते चालू-बंद होतं.

तुमचं डिझाइन सॉफ्टवेअर एसडीआर आहे. एचडीआर चालू असताना विंडोज त्या रंगांना एसआरजीबी या संगणकाच्या नेहमीच्या रंगप्रमाणाच्या काटेकोर वक्राने मोठ्या पट्ट्यात बसवतं. बहुतेक मॉनिटर मात्र एरवी 2.2 गॅमाने चालतात. या दोन वक्रांत फरक पडतो तो अगदी खालच्या टोकाला, गडद छटांत, आणि तिथे एसआरजीबीचा वक्र उजळ आहे. मरून आणि नेव्ही नेमके तिथेच बसतात. शिवाय 400 च्या पायरीला झोननिहाय डिमिंगची अट नाही. त्यामुळे 400 निटसाठी पूर्ण बॅकलाइट चढतो आणि काळ्यालाही सोबत वर घेऊन जातो.

मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड निवडा, उजेड 100 ते 120 निटवर आणा. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा पांढरा कागद टेबलावर, कामाच्या दिव्याखाली ठेवा आणि पडद्यावर पांढरी खिडकी उघडा. दोन्ही पांढरे सारखे उजळ वाटेपर्यंत मॉनिटर खाली आणा. पडदा दिव्यासारखा वाटत असेल तर तो अजून जास्त आहे, आणि त्यावर बघून निवडलेली छटा कापडावर हमखास काळी येणार. खिडकीतून ऊन आत येतं त्या बाजूला पाठ करून बसू नका. डिझाइनच्या भोवतीची जागा मध्यम करड्या रंगाची ठेवा: तोच मरून पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळपट आणि काळ्यावर तजेलदार दिसतो, हे एकदा दोन चौकोन शेजारी काढून बघाच.

टेरी टॉवेलचं एक जास्तीचं आहे. उभ्या फासांमध्ये उजेड अडकतो, म्हणून त्याच रंगाचं सूत सपाट चादरीपेक्षा टॉवेलमध्ये गडद दिसतं, आणि फासे कापलेल्या वेलूरमध्ये आणखी गडद. हे कोणताच मॉनिटर दाखवणार नाही. सुताच्या प्रत्येक छटेचा टॉवेलमध्ये विणलेला बोटभर तुकडा आणि सपाट विणलेला तुकडा असे दोन नमुने ठेवा, त्यांना डी65, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या, दिव्याच्या लाइट बॉक्समध्ये बघा, आणि ज्या दिव्याखाली ग्राहकाचं दुकान आहे त्याखालीही. ऑर्डरची छटा पडद्यावरून मंजूर करून घेऊ नका. तुकडा कुरिअर करा.